नेफ्यातली मऊ घडी

धायरीत ज्या बाईच्या कंबरेचं माप मुक्ताबाईंना तोंडपाठ नाही, ती बाई एक तर गेल्याच आठवड्यात राहायला आली असणार, नाही तर बारा महिने जीन्स घालणारी असणार. बाकी सगळ्या कंबरा मुक्ताबाईंच्या फितीखालून गेलेल्या. सासू, सून, नातसून, तिघींच्याही. कुणाची कोणत्या बाळंतपणानंतर किती वाढली, कुणाची कोणत्या काळजीनं किती उतरली, हे त्या वही न उघडता सांगत. आणि न विचारता सांगत, ही त्यातली खरी गंमत.

दुकान म्हणजे आतल्या गल्लीत, एका इमारतीच्या पायथ्याशी असलेला गाळा. ही इमारत उभी आहे तिथं एके काळी मुक्ताबाईंच्या सासऱ्यांचं कांद्याचं वावर होतं. वावर बिल्डरला दिलं, बदल्यात दोन फ्लॅट आणि हा गाळा आला. यजमान बजरंगराव जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा रविराज फ्लॅटच्या खरेदी-विक्रीत, सून तेजस्विनी हिंजवडीला कॉम्प्युटरवर. घरात कशाची म्हणून ददात नाही. रविराज दर दिवाळीला म्हणायचा, "आई, बंद कर आता ते परकर शिवणं. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणत्यात ते मला दुकानातच कळतं," मुक्ताबाई म्हणायच्या. "बंद केल्यावर कळायचं कसं?"

फॉल-पिको काय, कुठंही होतं. ब्लाउज शिवणारे तर एकट्या त्या गल्लीत तिघं. पण परकर मुक्ताबाईंचाच, आणि तो नाडीमुळं. बाजारच्या परकराला चपटी, ढिली नाडी येते. मुक्ताबाई ती ओढून कोपऱ्यात टाकत आणि स्वतः पिळलेली सुताची नाडी ओवत. बारीक, कडक, वाणीण बाईच्या बोलण्यासारखी. एकदा गाठ बसली की बसली. तिच्यावर नेसलेलं पातळ वरातीत नाचा, वावरात वाका, बसमध्ये दांडीला लोंबकळा, बोटभर खाली येत नसे. नवऱ्या मुलीला पहिला परकर त्या स्वतःच्या हातानं बांधून देत. "श्वास आत घे. आणखी घे. आता सोड," असं म्हणत, आणि पोरगी सोडायच्या आत गाठ बसलेली असे. पोरगी कळवळली की म्हणत, "सासरी जायचंय ना? मंग सवय कर." भोवतालच्या बायका हसत. पोरगीही हसे, उरलेल्या श्वासात जमेल तेवढं.

या बाईंच्या हातून एकच वाईट काम झालं असं म्हटलं तर त्यांच्या बाकीच्या कामांवर अन्याय होईल. पण सगळ्यात वाईट एकच झालं, आणि त्याला सात वर्षं झाली.

बुद्धविहाराच्या मागं राहणाऱ्या हिराताईंची मुलगी पूर्वा. पोरगी नर्सिंग शिकलेली, दिसायला नीटस, बोलायला धारदार. कॉलेजात असल्यापासून तिच्या सलवारी मुक्ताबाईंकडेच शिवायला यायच्या, नाडी अर्थात तीच. लोणी काळभोरचं स्थळ आलं, ठरलं, आणि हिराताई लग्नाचे पाच परकर शिवायला लेकीला घेऊन दुकानात आल्या. पडद्याआड माप घेताना मुक्ताबाईंना पूर्वाच्या डाव्या कुशीवर, गाठ बसते बरोबर त्या जागी, एक पांढरट चट्टा दिसला. लिंबाच्या फोडीएवढा.

मुक्ताबाईंनी माप घेतलं, चहा पाजला, मायलेकींना पायरीपर्यंत पोचवलं. मग समोरच्या पिठाच्या गिरणीतून सुंदराबाईंना हाक मारली, त्यांना शटरच्या आडोशाला घेतलं आणि सांगितलं, "कुणाला बोलू नको हं. हिराच्या पोरीला कोड हाय."

सुंदराबाई कुणाला बोलल्या नाहीत. फक्त बहिणीला बोलल्या. बहीण लोणी काळभोरला दिलेली, हा काही सुंदराबाईंचा दोष नव्हे.

बाराव्या दिवशी निरोप आला की मुलाला एवढ्यात करायचं नाही. शिवून तयार असलेले पाच परकर न्यायला हिराताई फिरकल्या नाहीत, आणि नंतर कधी रस्त्यात समोर आल्या तर त्या रस्ताच बदलायच्या. परकर फळीवर तसेच राहिले, कागदात गुंडाळून. मुक्ताबाईंनी ते दुसऱ्या कुणाला दिले नाहीत. माप कुणाला बसत नाही, असं सांगत. साऱ्या धायरीची मापं पाठ असलेली बाई हे सांगते आणि ऐकणारे मान डोलावतात, असं चाललं होतं.

आता मुक्ताबाईंच्या स्वतःच्या कंबरेकडे यायला हरकत नाही. तिथं कुणी येऊ नये, ही त्यांची गेल्या दोन वर्षांतली सगळी खटपट.

पस्तीस वर्षं त्यांनी आपल्याच हातची नाडी बांधली, आणि गाठीत कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा अडकवला. कंबरेभोवती काळी, खरखरीत वळी पडलेली. त्यात विशेष काही नाही, सगळ्याच बायकांना पडते, असं त्या समजत. मग दोन होळ्यांमागं त्या वळीला डावीकडे भेग गेली. हळद आणि खोबरेल लावलं. भरली नाही. बोरिक पावडर झाली. मेडिकलवाल्याकडून, "सुनेच्या पायाला पाहिजे," असं सांगून आणलेल्या ट्यूबा झाल्या. भेगेची जखम झाली, जखमेचे काठ वर आले, टणक झाले, त्यांच्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे बारीक दाणे उठले. मध्ये ओल राहू लागली. मग वास आला. मुक्ताबाईंनी दुकानात उदबत्ती लावायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं म्हणू लागली, मुक्ताबाई म्हातारपणी फार देवभोळ्या झाल्या.

शिवणारी बाई ती. नाडी जिच्यातून ओवतात ती परकराची वरची दुमड, म्हणजे नेफा. बजरंगरावांचं जुनं मलमलचं धोतर फाडून त्याची मऊ घडी मुक्ताबाईंनी नेफ्याला आतून, बरोबर डाव्या बाजूला शिवून टाकली. आपल्या सगळ्या परकरांना. गिऱ्हाइकाच्या एकाही परकराला नाही. या गोष्टीचा विचार त्यांनी केला नव्हता. म्हणजे विचार दारापर्यंत आला होता, त्यांनी आत घेतला नव्हता.

डॉक्टरला का दाखवलं नाही? चौकातल्या डॉक्टरांची कंपाउंडरीण मुक्ताबाईंचं गिऱ्हाईक. त्याच्या पुढच्या दवाखान्यातली केसपेपर काढणारी, तीही गिऱ्हाईक. कंबरेला काहीतरी सडतंय ही बातमी कोणत्या दुकानापासून कोणत्या जिन्यापर्यंत किती वेळात जाते, हे मुक्ताबाईंइतकं धायरीत कुणाला माहीत नव्हतं. तो रस्ता त्यांनीच तर वापरून गुळगुळीत केलेला.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दुपारी दुकानाच्या पायरीवर कुणीतरी चप्पल काढली.

"मुक्ताकाकू, ओळखलंत?"

मशीनचं चाक थांबलं. सात वर्षांत पूर्वा जाडही झाली नव्हती आणि खालीही बघत नव्हती.

"हिराची पूर्वा न्हवं? ये की. केवढी वाळलीस गं!"

"अठ्ठावीस इंच. माप घ्यायचंय का?"

मुक्ताबाईंनी उगाच कात्री उचलली आणि ठेवली. पूर्वानं पिशवीतून एक पत्रक काढून मशीनवर ठेवलं. ती आता एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नर्स होती. हॉस्पिटलातर्फे रविवारी महापालिकेच्या शाळेत शिबिर होतं. त्वचेच्या कर्करोगाची तपासणी, सकाळी दहा ते दोन, मोफत.

"कातडीचा कॅन्सर?" मुक्ताबाई हसल्या. "आपल्यात कुटं हुतो गं त्यो? त्यो गोऱ्या लोकांचा. समुद्राकडंला उघडं पडून राहणाऱ्यांचा."

"आपल्यात कमी होतो. म्हणून कुणी बघत नाही. आणि जिथं होतो तिथं तर मुळीच बघत नाही. तळपायाला, नखाखाली, भाजल्याच्या जुन्या वणावर." पूर्वा जरा थांबली. "आणखीही जागा आहेत. मॅडम सांगतील."

"मंग मी काय करू म्हणतीस?"

"बायका आणायच्या. आम्ही दोन दिवस रिक्षा फिरवली भोंगा लावून. सगळ्या गॅलरीत येऊन बघतात आणि आत जातात. तुम्ही सांगितलंत तर येतील. तुमचं ऐकतात." मग पत्रकाची घडी बोटानं सपाट करत ती म्हणाली, "तुम्ही सांगितलेलं पोचतंही लांब. लोणी काळभोरपर्यंत."

मुक्ताबाईंनी पत्रक कात्रीखाली सरकवलं. 

जाताना पूर्वा पायरीवर थबकली. नाक किंचित वर केलं. "उदबत्ती फार लावता, काकू."

"देवाला लावती."

पूर्वानं भिंतीकडे पाहिलं. देवाची तसबीर समोरच्या भिंतीवर, उंच. उदबत्तीचं घर मात्र मशीनखाली, मुक्ताबाईंच्या डाव्या पायाशी. पूर्वानं एवढं पाहिलं, चप्पल घातली आणि गेली.

रविवारी मुक्ताबाईंनी सव्वीस बायका जमवल्या. जमवणारच. न जमवल्या तर हिराची पोर म्हणणार की हिला काहीतरी लपवायचंय. शिवाय पुढं होऊन बायका हाकणारीला, तू कधी झोपणार टेबलावर, असं कुणी विचारत नाही. निघताना तेजस्विनी लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली होती, "आई, तुम्ही पण करून घ्या हं. फ्री आहे म्हणून नाही, पण जनरली. स्क्रीनिंग इज इम्पॉर्टंट."

"बघू की," मुक्ताबाई म्हणाल्या होत्या. जे बघायचं नसतं त्याला त्या हेच म्हणत.

शाळेचा तिसरीचा वर्ग. भिंतीवर पाढे, फळ्यापाशी हिरवा पडदा, पडद्यामागे टेबल, दिवा आणि डॉक्टर शर्मिला. पूर्वा यादी घेऊन दाराशी. मुक्ताबाईंनी पडद्यालगतचा बाक पकडला, व्यवस्था बघायला म्हणून. व्यवस्था कानानं बघायची असते, असं त्यांचं मत.

पहिल्या चार-पाचजणी गेल्या, आल्या. कुणाचा चामखीळ निघाला, कुणाचा तीळ बरा निघाला. सुंदराबाई आत गेल्या आणि अर्ध्या मिनिटात बाहेर.

"झालं एवढ्यात?" कुणीतरी विचारलं.

"हात बघितलं, पाय बघितलं, त्वांड बघितलं. मंग म्हणती, कंबर दाखवा!" सुंदराबाईंनी पदर खोचला. "म्हटलं, बाई गं, माझी कंबर माझ्या मालकानं कधी उजेडात बघितली न्हाई, तुला कुटं दाखवू!"

वर्ग हसला. मुक्ताबाई सगळ्यात मोठ्यानं हसल्या, आणि हसताना त्यांचा हात डाव्या कुशीवर गेला, कारण हसलं की तिथं ताणायचं. दाराशी पूर्वा यादीवर काहीतरी लिहीत होती. तिनं मान वर केली, हात पाहिला, पुन्हा लिहू लागली.

मग उल्का आत गेली, दूध डेअरीवाल्यांची सून. मुक्ताबाई बाकावर आणखी इंचभर पडद्याकडे सरकल्या.

"हा काळा पट्टा कधीपासून?" डॉक्टरांचा आवाज.

"लग्नापासनं. सगळ्यांनाच असतो की."

"सगळ्यांना असतो म्हणूनच विचारते. आणि हा पांढरा डाग?"

उल्काचा आवाज एकदम बारीक झाला. "कोड असंल का हो, मॅडम? मी कुणालाच दाखवला न्हाई. माझ्या पोरीचं बघायला लागलेत आता..."

"कोडासारखा दिसतो, पण कोड नाही. नाडी आहे ही. बारीक दोरी, घट्ट, रोज एकाच जागी, वर्षानुवर्षं. कातडी घासून आधी काळी होते, कधी तिचा रंगच जातो, कधी भेगा पडतात. रुंद पट्टीची नाडी घाला, सैल बांधा, गाठीची जागा बदलत राहा. बहुतेकींचं तेवढ्यावर भागतं." डॉक्टर हात पुसत असाव्यात. "एक लक्षात ठेवा. तिथं जखम होऊन ती भरतच नसेल, काठ टणक झाले असतील, तर घरी बसायचं नाही. त्यातून कर्करोग झालेल्या बायका मी स्वतः तपासल्यात. सगळ्या उशिरा आल्या होत्या."

पाढ्यांच्या भिंतीवर एक पाल होती. मुक्ताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. लिंबाच्या फोडीएवढा चट्टा. डाव्या कुशीवर. गाठ बसते बरोबर तिथं. चार वर्षं त्यांच्याच हातच्या नाडीखाली.

"ऐकलंत ना, काकू?" पूर्वा शेजारी येऊन उभी होती, हळू आवाजात, यादी छातीशी धरून. "का मॅडमना जरा मोठ्यानं सांगायला सांगू?"

तेवढ्यात उल्का पडदा सारून बाहेर आली, डोळे पुसत आणि हसत. "मुक्ताबाई, अहो, तुमच्या नाडीनं केलं हो हे! आणि मी सात महिने झोपले न्हाई!"

बायका पुन्हा हसल्या. कुणी म्हणालं, मुक्ताबाईंवर केस करा. कुणी म्हणालं, आता इलॅस्टिकचे दिवस आले, मुक्ताबाईंचं दुकान बसलं. मुक्ताबाईही हसल्या. मग गॅसवर दूध ठेवल्याचं त्यांना आठवलं. दूध तापवायचं काम त्यांच्या घरी स्वयंपाकाच्या बाईकडे होतं, पण हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी न जाता त्या दुकानात शिरल्या आणि शटर आतून अर्धं ओढून घेतलं. फळीवरचा कागदी गठ्ठा खाली काढला. सात वर्षांत सुतळी पिवळी पडली होती. वरच्या परकराच्या नेफ्यातून त्यांनी नाडी ओढून काढली, बोटाभोवती गुंडाळली आणि ताणली. बोट आधी लाल झालं, मग पांढरं. त्या बघत बसल्या.

मरणाची भीती तेव्हा त्यांना नव्हती, खरं सांगायचं तर. ती नंतर आली. तेव्हा भीती होती ती एकाच गोष्टीची. जखम दाखवायची तर ती पूर्वासमोर दाखवावी लागणार. आणि पूर्वाच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, असं त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. उत्तर यायला वेळ लागला नाही. आपण असतो तर ही बाई टेबलावरून उतरून परकर बांधेपर्यंत सुंदराबाईला कळलेलं असतं. आणि तेही आपल्यावर कुणी काही अन्याय केलेला नसताना.

ही पोर सोडेल? का सोडावं तिनं?

दोनला दहा मिनिटं कमी असताना त्या पुन्हा शाळेत आल्या. वर्ग रिकामा. पूर्वा बाक सरळ करत होती.

"आलात? एक कागद उरलाय," ती म्हणाली. कागदावर मुक्ताबाईंचं नाव आधीच लिहिलेलं होतं. फक्त वेळ घातली नव्हती, तेवढी जागा कोरी.

टेबलावर आडवं होऊन त्यांनी गाठ सोडली. पूर्वानं परकर खाली सरकवला आणि तिची बोटं नेफ्याशी थांबली. धोतराच्या त्या मऊ घडीवर.

"ही तुम्ही शिवलीत?"

"हो."

"कधी?"

"दीड वरीस झालं असंल."

पूर्वानं घडी उलटसुलट करून पाहिली. टाके बारीक होते, एकसारखे. "बाकीच्यांना नाही शिवलीत," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

डॉक्टर शर्मिलांनी दिवा जवळ ओढला. सकाळपासून सव्वीस बायकांशी अखंड बोलणारी ती बाई गप्प झाली, तेव्हा मुक्ताबाईंच्या अंगावर पहिला काटा आला. हातमोज्याची बोटं जखमेच्या काठावरून फिरली, मग खाली जांघेकडे गेली. तिथं थांबली. सरकली, आणि परत त्याच जागी येऊन थांबली.

"इथं गाठ लागतेय. दुखते?"

"न्हाई. आजिबात न्हाई," मुक्ताबाई उत्साहानं म्हणाल्या.

"दुखली असती तर बरं होतं," डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक स्वतःशीच. मग सरळ मुक्ताबाईंकडे बघून, "मंगळवारी हॉस्पिटलात या. जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवू. घरातल्या कुणाला तरी घेऊन या."

मुक्ताबाई मंगळवारी एकट्याच गेल्या. घरी सांगितलं, रविवार पेठेत दोरे आणायला चाललेय. फाटकाशी पूर्वा उभी होती. घरचं कुणी का नाही आलं, हे तिनं विचारलं नाही. तुकडा काढताना तिनं मुक्ताबाईंचा हात धरला तोही कामाचा भाग म्हणून, हालू नये एवढ्यापुरता. परत येताना मुक्ताबाई खरंच रविवार पेठेत उतरल्या आणि पांढऱ्या दोऱ्याची पाच रिळं घेऊन आल्या. खोटं बोलायचं तर नीट, ही त्यांची जुनी शिस्त.

अहवालाला नऊ दिवस. या नऊ दिवसांत मुक्ताबाई अहवालापेक्षा बातमीची वाट बघत होत्या. बुधवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हापासून कान टवकारलेले. कोण बघून नजर चुकवतंय, कोण चहा नको म्हणतंय, कोण पायरीवरूनच बोलून जातंय. कुणी नाही. उल्का रुंद पट्टीच्या नाड्या टाकायला चार परकर घेऊन आली आणि तासभर बसली. कंपाउंडरीण ब्लाउजचं माप देऊन गेली, बिनघोर.

न राहवून त्यांनी सुंदराबाईंना खडा टाकून पाहिला. "काय गं सुंदरे, काय नवीन?"

"नवीन काय असणार? त्या बी विंगमधली सलोनी नवऱ्याला सोडून आईकडं गेली म्हणं. आणि ते जिमवालं..." सुंदराबाई पाऊण तास बोलल्या. त्यात मुक्ताबाई कुठंच नव्हत्या.

गल्ली गप्प होती. पूर्वानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. हे जसजसं पक्कं होत गेलं तसतशी मुक्ताबाईंना झोप येईनाशी झाली. बातमी फुटली असती तर भांडता आलं असतं, शिव्या देता आल्या असत्या, हिराच्या पोरीनं सूड घेतला असं म्हणून मोकळं होता आलं असतं. आता तेवढाही आधार नव्हता. एका बाजूला ती गप्प बसलेली पोर आणि दुसऱ्या बाजूला जांघेतली ती न दुखणारी गाठ, आणि दोघींच्या मध्ये मुक्ताबाई. अंघोळीला बसल्या की बोट आपोआप गाठीवर जायचं. शुक्रवारी ती वाटाण्याएवढी वाटली. सोमवारी चिंचोक्याएवढी. मापात त्यांची चूक कधी होत नसे.

गुरुवारी दुपारी तीनला, गल्ली झोपलेली असताना, पूर्वा आली. हातात लिफाफा. तिनं स्वतःच शटर अर्धं खाली ओढलं.

"काकू, बसा."

"बसलीच हाय."

"कर्करोगच आहे. कातडीचा. कंबरेची जखम आजूबाजूच्या भागासकट काढावी लागेल. जांघेतल्या गाठीत शिरलाय का, ते सुई घालून बघतील. शिरला असेल तर त्याही गाठी काढतील, पुढं किरणांचा शेकही द्यावा लागेल." तिनं लिफाफा मशीनवर ठेवला. "उगाच धीर देत नाही. लवकर नाही आलात तुम्ही. पण आलात. रविराजदादांना आज सांगा, उद्या नाही."

मुक्ताबाईंनी लिफाफ्याला हात लावला नाही. त्यांनी विचारलं ते भलतंच. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"हिराला?"

"आईलाही नाही."

"का गं?"

"ते माझं काम आहे." पूर्वा पडद्याकडे बघत होती, ज्याच्याआड सात वर्षांपूर्वी ती श्वास आत घेऊन उभी राहिली होती. "आणि सगळ्या गावाला आपली कंबर माहीत झाल्यावर कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे."

मुक्ताबाई उठल्या. फळीवरचा गठ्ठा काढून त्यांनी तिच्यापुढं धरला. "हे तुजं पाच. पूर्वे, त्या टायमाला मी..."

"माहितीये."

"ते कोड नव्हतं."

"तेही माहितीये. मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. लोणी काळभोरला कोण सांगणार?" तिनं गठ्ठा घेतला नाही. "मी आता इलॅस्टिकच घालते, काकू."

ती शटरपाशी गेली, वाकली, आणि तशीच थांबली. "तुम्ही आणलेल्या सव्वीसजणींतल्या नऊजणींनी कंबर दाखवलीच नाही. मी घरी जाऊन आले. कुणी दार उघडत नाही, कुणी म्हणतं मला काही झालेलं नाही. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात." आणि तिनं शटर पार वरपर्यंत ढकललं. दुपारचं ऊन थेट मशीनपर्यंत आलं.

ती गेल्यावर मुक्ताबाईंनी गठ्ठा परत फळीवर ठेवला. मग त्यांनी मशीनखालची उदबत्ती विझवली. पायरीवर येऊन गिरणीच्या दिशेनं हाक मारली, "सुंदरे! इकडं ये जरा."

ही हाक सुंदराबाईंच्या चांगल्या ओळखीची. पिठाचे हात पदराला पुसत त्या आल्या, आत शिरल्या आणि सवयीनं शटरच्या आडोशाला उभ्या राहिल्या. डोळ्यांत चमक. "कुणाचं गं?"

"माझं," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि गाठ सोडून परकर बाजूला केला.

उदबत्ती नव्हती. सुंदराबाईंनी नाकाला पदर लावला, मग बघितलं, मग पदर तसाच राहिला.

"कॅन्सर हाय. नाडीनं झालेला. माझ्याच," मुक्ताबाई एखाद्याचं माप सांगावं तशा सांगत होत्या. "आणि ऐक. हिराच्या पोरीला कोड नव्हतं. ती बी नाडीच व्हती. तुझ्या बहिणीला फोन लाव आणि सांग. आजच सांग. आणि माझंबी सांग, ज्याला सांगायचं त्याला. कुणाला बोलू नको म्हणत न्हाई मी."

एरवी एवढी बातमी मिळाल्यावर सुंदराबाई तिथं क्षणभर थांबल्या नसत्या. पण त्या हलल्या नाहीत. त्यांची नजर मुक्ताबाईंच्या जखमेवर, त्या वर आलेल्या टणक काठांवर खिळली होती, आणि त्यांचा पिठाचा हात हळूहळू त्यांच्याच डाव्या कुशीवर गेला, गाठीपाशी, आणि तिथं पातळावर पाच पांढरी बोटं उमटवून बसून राहिला.

मुक्ताबाईंनी तो हात बघितला. तीस वर्षं त्या कंबरेचं माप त्यांच्याकडे होतं.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

सुंदराबाईंनी हात तिथून काढला नाही. मुक्ताबाई पुढं झाल्या, शटर खाली ओढलं आणि मशीनवरचा दिवा लावला.

"श्वास सोड," त्या म्हणाल्या. "बघू दे."